मुळशीच्या खोऱ्यांतील सर्वांत मोठी खूण

पुण्याच्या पश्चिमेचा भूगोल शिकवितांना आम्ही विद्यार्थ्यांस मुळशी तालुक्यांतील किल्ले दाखवीत आलों आहों: कोरीगड, कोंकणावर नजर ठेवणारा घनगड, आणि जलाशयाच्या कांठीं उभा असलेला कैलासगड. तालुक्याची कचेरी पौडास, पूर्वेस हिंजवडीची संगणकनगरी, पश्चिमेस ताम्हिणीचा धुवांधार पाऊस. एवढें सांगितलें कीं आमचें व्याख्यान आटपे. परंतु ह्या खोऱ्यांतील सर्वांत मोठी खूण किल्ला नसून धरणाची भिंत आहे, व तिचा इतिहास आम्ही पुणेकर बेतानेंच सांगतों.

मुळा ही पूर्ववाहिनी नदी. पुण्याच्या संगमावर ती मुठेस मिळते. पुढें भीमा व कृष्णा ह्यांच्या वाटेनें तिचें पाणी बंगालच्या उपसागरास जावयाचें. मुळशीस हा क्रम मोडतो. धरणांत अडविलेलें पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळांवाटे कोंकणांत भिऱ्याच्या वीजघरावर सोडितात, आणि तेथून तें कुंडलिकेवाटे अरबी समुद्रास मिळतें.

हें पाणी वळविलें तें मुंबईच्या विजेसाठीं. टाटा कंपनीच्या ह्या धरणाखालीं आंबेमोहोर भाताचीं खाचरें व अनेक गांवें जाणार होतीं. 16 एप्रिल 1921 रोजीं, रामनवमीस, मावळे सत्याग्रहास उभे राहिले. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. बापटांस 'सेनापति' हें नांव ह्याच लढ्यानें दिलें. अखेर बापटांस सात वर्षांची कैद झाली, 1924 मध्यें लढा मोडला, व 1927 मध्यें भिऱ्यास वीज निघूं लागली.

सरकारच्या सक्तीनें मावळे हरले, असें सांगण्याचा प्रघात आहे. तें खरें, पण अपुरें. खोऱ्यांतील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या हातांत होती. मावळ्यास जमीनच हवी होती. सावकाराचें काम चांगल्या मोबदल्यानें भागत होतें. 'जान किंवा जमीन' अशी प्रतिज्ञा करणारा कुळवाडी आणि भरपाईचा आंकडा मोजणारा त्याचा धनी हे एका पक्षांत फार काळ राहणें शक्य नव्हतें. सावकार पुण्याचे होते म्हणून कीं काय, आमच्या व्याख्यानांत ते कधीं आले नाहींत.

पावसाळ्यांत ताम्हिणीच्या रस्त्यावर आज पुणेकरांची गर्दी लोटते. जलाशय दिसतांच मोटारी थांबतात. आमचीही सहल तेथेंच थांबे, आणि आम्ही पाण्याकडे पाठ करून कैलासगड दाखवीत असूं.