व्हीजीए: डिजिटलकडून ॲनालॉगकडे

ॲनालॉग जुने आणि डिजिटल नवे, असे विद्यार्थी गृहीत धरतात. मॉनिटरच्या केबलचा इतिहास मात्र उलटा सुरू होतो. आयबीएमच्या १९८१ च्या सीजीए कार्डाची नऊ पिनांची जोडणी डिजिटल होती: रंगासाठी चार तारा, म्हणून १६ रंग. १९८४ च्या ईजीएने रंगाच्या तारा सहा केल्या. रंग झाले ६४, पण पडद्यावर एका वेळी १६च.

१९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आले. त्यात प्रत्येक मूळ रंगाला ६ बिट, म्हणजे २,६२,१४४ छटा. जुन्या पद्धतीने नुसत्या रंगासाठी १८ तारा लागल्या असत्या! त्याऐवजी कार्डातच डिजिटलचे ॲनालॉग केले आणि लाल, हिरवा, निळा अशा तीन तारांवर ० ते ०.७ व्होल्टचा संकेत पाठवला. सीआरटीला तसाच संकेत हवा असतो. याला मागे जाणे म्हणू नये. माझ्या मते तो फार शहाणा निर्णय होता.

एलसीडी आल्यावर गणित फिरले. कार्डात ॲनालॉग करायचे, मॉनिटरमध्ये पुन्हा डिजिटल. त्यात केबल लांब असली की अक्षरे पुसट. म्हणून १९९९ मध्ये डीव्हीआय, मग एचडीएमआय (२००२) आणि डिस्प्लेपोर्ट (२००६). तरी वर्गातल्या जुन्या प्रोजेक्टरला बहुधा १५ पिनांची व्हीजीए केबलच लावलेली सापडेल.