गोड चाऱ्याचा कडू इतिहास

चारा म्हटले की आपल्यापैकी अनेकांना आधी घोटाळाच आठवतो. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात. गोठ्यातल्या गव्हाणीत काय पडले होते याची नोंद कुणी ठेवत नाही. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए. पर्यंतचे. तरीही आज मी तुम्हाला एका चाऱ्याचाच इतिहास सांगणार आहे. कारण त्या चाऱ्याने गुरांचे रक्त पातळ केले, मेंढ्यांच्या कुशी रिकाम्या ठेवल्या आणि जाता जाता माणसाच्या हाती एक औषधही दिले.

या चाऱ्याचे नाव क्लोव्हर. आपली मेथी, लसूणघास, बरसीम यांच्याच नात्यातली ही तीन-तीन पानांची वनस्पती. तिच्या ‘स्वीट क्लोव्हर’ नावाच्या जातीला वाळल्यावर छान गोडसर वास येतो. तो वास कुमारिन या द्रव्याचा. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात आणि उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशात हा चारा खाणारी धडधाकट गुरे अचानक मरू लागली. शिंगे कापली, खच्चीकरण केले की रक्त थांबतच नसे. कित्येकदा वरून जखमही दिसत नसे आणि जनावर आतल्या आत रक्तस्राव होऊन कोसळे.

कॅनडातले पशुवैद्यक फ्रँक स्कोफिल्ड यांनी त्याच गवतातल्या चांगल्या आणि बुरशी आलेल्या काड्या वेगळ्या करून सशांना घातल्या. चांगल्या काड्या खाणारा ससा जगला, बुरशीच्या खाणारा रक्तस्रावाने मेला. दोष चाऱ्याचा नव्हता, ओलसर राहून तो कुजण्याचा होता. हे स्कोफिल्ड म्हणजे मोठे विलक्षण गृहस्थ. 1919 साली कोरियात स्वातंत्र्याची चळवळ उसळली तेव्हा ते तिथे शिकवत होते आणि त्यांनी तिची छायाचित्रे जगापुढे नेली होती. पुढे अमेरिकेतल्या ली रॉड्रिक यांनी दाखवून दिले, की आजारी गुरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन हा रक्त गोठवणारा घटकच उणा पडतो.

उपाय ठाऊक झाला होता : कुजलेले गवत टाकून द्या, निरोगी जनावराचे रक्त द्या. पण 1930 च्या दशकात मंदी होती. गवत टाकून द्यायचे तर दुसरे आणायचे कशाने? फेब्रुवारी 1933 मध्ये विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला पोचला. गाडीत एक मेलेली कालवड, कुजलेल्या गवताचा भारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त. सरकारी कचेरी बंद होती. उघडे दार सापडले ते रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेचे. लिंक यांच्याजवळही त्या दिवशी सांगण्यासारखे तेच होते : गवत बदला, रक्त द्या. कार्लसन तसाच परत गेला.

पण कॅनमधले ते रक्त लिंक यांच्या डोळ्यांपुढून हलेना. सहा वर्षे खपून 1939 साली त्यांच्या गटाने गुन्हेगार वेगळा काढला. बुरशीमुळे कुमारिनचे डायकुमारॉल होते आणि ते ‘के’ जीवनसत्त्वाचे काम अडवते. याच सुमारास डेन्मार्कचे हेन्रिक डॅम यांना हे जीवनसत्त्व सापडले होते, तेही रक्तस्रावाने मरणाऱ्या कोंबडीच्या पिलांच्या आहारातून. डायकुमारॉलच्या धर्तीवर घडवलेले वॉरफरिन 1948 साली उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि 1954 साली माणसांचे औषध झाले. 1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिले गेले.

माझ्या आपाच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. याच कुळातली गोळी ती रोज रात्री घेते, ठरल्या वेळी रक्त तपासून घेते. ‘पालेभाजी रोज सारखीच खा, एकदम वाढवू नका, एकदम बंदही करू नका,’ असे डॉक्टरांनी तिला बजावले आहे, कारण हिरव्या पानांत ‘के’ जीवनसत्त्व असते. गोळी जास्त झाली तर रक्तस्राव, कमी पडली तर झडपेवर गाठ. विष आणि औषध यांच्यामधली ती अरुंद वाट आपा रोज चालते.

आता दुसरी हकीकत पश्चिम ऑस्ट्रेलियातली. तिथे कसदार कुरणांसाठी जमिनीत बी पुरणारे क्लोव्हर मोठ्या प्रमाणावर लावले गेले. 1940 च्या दशकात मेंढपाळ बुचकळ्यात पडले. मेंढ्या दिसायला गुटगुटीत, पण गाभण राहीनात. राहिल्या तर वितांना अडायच्या, काहींचे अंग बाहेर यायचे. खच्ची केलेल्या नरांना दूध सुटले! बेनेट्स, अंडरवूड आणि शायर यांनी 1946 साली या रोगाची नोंद प्रसिद्ध केली. या क्लोव्हरमधल्या फॉर्मोनोनेटिन या द्रव्यापासून मेंढीच्या पोटात इक्वॉल तयार होते आणि ते मादीच्या संप्रेरकासारखे वागते. वर्षानुवर्षे असा चारा खाल्लेल्या मेंढ्या कायमच्या वांझ होत. पुढे हे द्रव्य कमी असलेल्या जाती शोधून लावल्या गेल्या, तेव्हा कुठे कुरणांत पुन्हा कोकरे बागडू लागली.

विचार करा, त्याआधी किती मेंढ्यांना ‘भाकड’ ठरवून कसायाकडे धाडले असेल! दोष गव्हाणीत होता, शिक्षा कुशीला झाली. जनावरांच्याच बाबतीत असे घडते, असे मला वाटत नाही.

या दोन्ही कथांत पहिली खूण शास्त्रज्ञाला नव्हे, गुरे राखणाऱ्याला दिसली. आपल्याकडेही पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी गुरांना घालू नये, हे खेड्यातल्या पोराला ठाऊक असते; तिच्यातले सायनाइडचे विष प्रयोगशाळेने नंतर ओळखले. म्हणून एखादा शेतकरी ‘साहेब, जनावराचे काहीतरी बिनसले आहे’ म्हणत दारात उभा राहिला, तर त्याला बसायला सांगावे, पाणी द्यावे आणि त्याने सोबत काय आणले आहे ते नीट पाहावे.