हवाला

बँक किंवा परवानाधारक संस्थेला वगळून, केवळ दोन व्यापाऱ्यांच्या आपसातील शब्दावर पैसा परदेशी पोचवण्याची किंवा तिथून आणण्याची पद्धत. वसई-विरार पट्ट्याशी तिचा संबंध दोन्ही बाजूंनी येतो. वसईच्या गावांतून अनेक जण नोकरीसाठी आखाती देशांत गेले आणि नालासोपारा-विरारच्या इमारतींवर नेपाळहून आलेले पहारेकरी काम करतात.

पैसे घेणारा स्वतःजवळच्या एखाद्या दहाच्या नोटेचा क्रमांक दुबईतल्या आपल्या माणसाला कळवतो. तो तिथल्या हवालेवाल्याकडे दिरहम भरतो आणि क्रमांक सांगतो. इथला हवालेवाला नोट हातात घेऊन आकडे ताडून पाहतो, रोकड मोजून देतो आणि नोट ठेवून घेतो. सही नाही, पावती नाही. प्रत्यक्षात सीमा ओलांडून काहीच येत नाही. उरतात ती दोन हवालेवाल्यांमधली देणी. ती उलट दिशेच्या व्यवहारांनी, आयात-निर्यातीच्या खोट्या बिलांनी किंवा चोरट्या सोन्याने फिटतात. त्यामुळे कामगाराची घामाची कमाई आणि करचुकव्याचा काळा पैसा एकाच वहीत येऊन बसतात. या पद्धतीचा खरा दोष हाच.

या व्यवहाराचे मूळ मात्र प्रतिष्ठित आहे. पेशवाईत सरकारी भरणे आणि फौजेचे खर्च सावकारांच्या हुंड्यांवर, म्हणजे दुसऱ्या गावच्या पेढीने पैसे द्यावेत अशा लेखी चिठ्ठ्यांवर, चालत. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील हुंडीच्या स्थानिक रूढींना धक्का लावला नाही. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनावर कडक नियंत्रण आले, सरकारी दर आणि बाजारातला दर यांत अंतर पडले आणि त्या अंतरावर हवाला पोसला गेला. १९९३ मध्ये रुपयाचा दर बाजारावर सोडल्यावर हे आकर्षण बरेच ओसरले.

आज १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा) लागू आहे. त्याच्या कलम ३ नुसार परदेशातील व्यक्तीच्या सांगण्यावरून आलेली रक्कम अधिकृत मध्यस्थाखेरीज स्वीकारणे हाही कायद्याचा भंगच ठरतो. दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. म्हणजे घरबसल्या पैसे घेणारी आखातातल्या कामगाराची आईसुद्धा यात सापडते. आणि हवालेवाल्याने हात वर केले, तर दाखवायला तिच्याकडे कागदाचा चिटोराही नसतो.

नेपाळला पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये स्वतंत्र योजना आणली. भारतात खाते नसलेल्यालाही बँकेच्या शाखेत रोख भरून एका वेळी ५० हजार रुपयांपर्यंत, वर्षातून १२ वेळा पैसे पाठवता येतात; खातेदारासाठी ही मर्यादा २०२१ मध्ये २ लाख झाली. तरीही गावी निघालेल्या माणसाच्या हाती रोकड देण्याची रीत चालूच आहे. वसई-विरारच्या गृहनिर्माण संस्थांनी ही सोय आपल्या पहारेकऱ्यांना समजावून सांगावी, पहिल्या वेळी कुणीतरी त्यांच्यासोबत बँकेत जावे.