महापरिनिर्वाणाचे चित्रण : कॅमेरा, कात्री आणि आपला शोक

पडद्यावरचे चित्र पाहून डोळ्यांत येणारे पाणी आपोआप येत नसते. कॅमेरा कोठे उभा केला, कोणाच्या चेहऱ्याजवळ नेला, तेथे किती वेळ थांबवला आणि त्या दृश्याला पुढे कोणते दृश्य जोडले, यावर ते ठरते. म्हणजे भावनेलाही इतिहास असतो. आणि इतिहास म्हटला की मालकीचा प्रश्न आलाच. कॅमेरा कोणाच्या हातात होता?

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागला. कॅमेरा मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला की पडद्यावर देव प्रकट होतो, माणूस अदृश्य होतो, ही किमया आपल्याकडच्या प्रेक्षकाने त्या काळात पाहिली. पुढे काही वर्षांतच रशियात लेव्ह कुलेशोव्हने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपाच्या ताटलीला आणि एकदा शवपेटीला जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा शोक. अर्थ एकट्या चेहऱ्यात नव्हता, तो जोडणीत होता. जोडणारा जे ठरवील ते पाहणाऱ्याला जाणवते. ज्यांच्या हाती पोथी होती त्यांनी हेच शब्दांच्या बाबतीत शतकानुशतके केले, हे या नियतकालिकाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

हे साधन आपल्या शोकाकडे कधी वळले? ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा देह विमानाने मुंबईला आणून दादरच्या राजगृहात ठेवण्यात आला. ७ डिसेंबरला अंत्ययात्रा निघाली. भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत बौद्ध पद्धतीने दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. हा दिवस चित्रफितीवर टिकून राहिला तो लेखक आणि चित्रपटक्षेत्रात वावरलेले नामदेव व्हटकर यांच्यामुळे. त्यासाठी त्यांनी आपला छापखाना गहाण टाकल्याची हकीकत चळवळीत आजही सांगितली जाते. कोणा धनिकाच्या मेहेरबानीने हा इतिहास जपला गेला नाही, एवढे तरी आपण विसरू नये.

त्या काळचे चित्रण म्हणजे काय, हे आज मोबाइल हाती असलेल्या विद्यार्थ्याने समजून घ्यावे. पस्तीस मिलिमीटरच्या बोलपटाला सेकंदाला २४ चित्रे लागत. हजार फुटांचे रीळ जेमतेम ११ मिनिटे चाले. एकेका फुटाला पैसा पडे. दिवसभराच्या यात्रेतले काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे जागच्या जागीच ठरवावे लागे. खरे संकलन तेथेच सुरू होते, कात्री नंतर येते. अशा वेळी कॅमेरा एकट्या देहावर खिळून राहिला असता तर मागे फक्त एका थोर पुरुषाचा मृत्यू उरला असता. व्हटकरांच्या चित्रणात फुलांनी भरलेला ट्रक आहे, आणि त्याच्या भोवती लाखांचा जनसमुदायही आहे. दूरच्या दृश्यात संख्या कळते, जवळच्या दृश्यात दुःख कळते. ही दोन्ही एकापाठोपाठ आली की पाहणाऱ्याच्या मनात एक वाक्य तयार होते : हे दुःख एकट्यादुकट्याचे नाही, समाजाचे आहे. गिरणीत, गोदीत राबणाऱ्या माणसांच्या दुःखाला तोपर्यंत पडद्यावर एवढी जागा कोणी दिली होती?

गेवराई तालुक्यातल्या आमच्या उमापूरसारख्या गावांतून डिसेंबरात कितीतरी घरांना कुलूप असते. माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. चैत्यभूमीवर जाणे ज्याला जमत नाही तो कोपीत बसून मोबाइलवर ही दृश्ये पाहतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. पण माझ्या आधीच्या पिढीला जे वाचता आले नाही ते तिला या चित्रांतून कळू शकते, याची किंमत मी जाणतो. म्हणूनच एका गोष्टीची चिंता वाटते. आज या चित्रणाचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे फिरतात. गती मंद केलेली, वर करुण गाणे चढवलेले, आणि गर्दी कापून केवळ देह ठेवलेला. पाहणारा रडतो आणि पुढे सरकवतो. लोक कसे आले, कसे चालले, किती होते, हा चळवळीचा पुरावा कात्रीखाली जातो. रडू राहते, समाज नाहीसा होतो.

याउलट नागराज मंजुळे यांचे काम पाहावे. 'पिस्तुल्या' या लघुपटात त्यांनी शाळेची ओढ असलेले पारधी मूल मध्यभागी आणले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री'त (२०१३) डुक्कर समोर असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि डुक्कर पकडणारे कुटुंब जागच्या जागी थांबते. दृश्य लांबते, आधी हसू येते, मग ते घशात अडकते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. येथे प्रेक्षकाला दया करण्याची सवलत नाही. त्यालाच जाब विचारला आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी एवढे करावे. ७ डिसेंबरचे चित्रण मिळेल तेवढे सलग दाखवावे, एकदा तरी आवाज बंद करून दाखवावे, आणि तरुणांना विचारावे : येथे कोण कोण दिसते? आपल्या मोर्चांचे, सभांचे चित्रण करणाऱ्या पोरांनी तारीख, गाव, वक्त्याचे नाव नोंदवून मूळ फीत जपून ठेवावी. आपला शोक कोणी कापावा आणि कोठे जोडावा, हे ठरवण्याचा हक्क मिळवायला आपल्याला फार काळ लागला आहे. तो आळसापायी घालवू नये.