अ‍ॅडोलेसन्स : किशोर पात्राचा प्रवेश
जॅक थॉर्न व स्टीफन ग्रॅहॅम यांनी लिहिलेली आणि फिलिप बॅरंटिनी यांनी दिग्दर्शित केलेली चार भागांची ब्रिटिश मालिका (नेटफ्लिक्स, २०२५). प्रत्येक भाग एकाच अखंड चित्रणात टिपला आहे. या तंत्राचे खरे सामर्थ्य १३ वर्षांच्या जेमी मिलरच्या पहिल्या दर्शनात दिसते. भल्या सकाळी सशस्त्र पोलीस घराचे दार फोडतात. कॅमेरा त्यांच्यामागून जिना चढून खोलीत शिरतो. खुनाचा संशयित म्हणून समोर येतो तो अंथरुणात भेदरलेला, भीतीने कपडे ओले केलेला मुलगा. दृश्य कुठेच तुटत नसल्याने प्रेक्षकाला उसंत मिळत नाही. अपराधाचा विचार सुचण्याआधी त्याचे कोवळे वय मनावर ठसते. या भूमिकेसाठी ओवेन कूपरला २०२५ मध्ये सहायक अभिनेत्याचा एमी पुरस्कार मिळाला.