रक्तद्रव-विनिमय व प्रतिरक्षादमन
तीव्र आत्मप्रतिरक्षा रोगांत रक्तातील घातक प्रतिपिंडे काढून टाकणारा आणि त्यांची नवी निर्मिती औषधांनी रोखणारा संयुक्त उपचार (पहा : रक्तद्रव, प्रतिपिंड).

रक्तद्रव काढून रक्तपेशी परत देण्याचे प्रयोग जॉन एबल व सहकाऱ्यांनी १९१४ मध्ये बाल्टिमोर येथे कुत्र्यांवर केले. गुडपाश्चर विकारात (मूत्रपिंडे व फुप्फुसे यांवर आघात करणारा आत्मप्रतिरक्षा रोग) सायक्लोफॉस्फमाइड व प्रेडनिसोलोन या प्रतिरक्षादमक औषधांच्या जोडीने ही पद्धत १९७०च्या दशकात लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात रूढ झाली.

यंत्राने वेगळ्या केलेल्या रक्तद्रवाच्या जागी बहुधा ५% अल्ब्युमिन देतात. रक्तद्रवाच्या एकूण घनफळाएवढा विनिमय झाल्यास रक्तातील सुमारे ६३% प्रतिपिंडे निघून जातात. मात्र ऊतींमधील प्रतिपिंडे पुन्हा रक्तात येतात आणि पेशी नवी बनवत राहतात. एकट्या विनिमयाचा लाभ म्हणूनच अल्पकाळ टिकतो. म्हणून जोडीला प्रतिरक्षादमक औषधे देतात; ती विनिमयानंतर द्यावी लागतात, अन्यथा रिटुक्सिमॅबसारखे औषध रक्तद्रवाबरोबरच वाहून जाते. जंतुसंसर्ग, रक्तदाबातील घट व रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियमची उणीव हे प्रमुख धोके होत.

गुडपाश्चर विकारात हा उपचार प्रमाण मानला जातो. एएनसीए-वाहिनीदाहात (लहान रक्तवाहिन्यांचा आत्मप्रतिरक्षा दाह) मात्र ७०४ रुग्णांवरील पेक्सिव्हास चाचणीत (२०२०) विनिमयाने मृत्यू वा अंतिम टप्प्यातील मूत्रपिंडविकार कमी झाल्याचे आढळले नाही. पुण्यातील २०२५ च्या उद्रेकामुळे परिचित झालेल्या गियाँ-बारे विकारात विनिमय उपयोगी ठरतो, स्टेरॉइडे नाहीत (पहा : गियाँ-बारे विकार). विनिमयाला विशेष यंत्र व प्रशिक्षित चमू लागत असल्याने मुरगूडसारख्या (ता. कागल) लहान शहरांतील रुग्णाला मोठ्या रुग्णालयात वेळेवर पाठवणे निर्णायक ठरते.