‘गुन्हेगार जमाती’ : एका शिक्क्याचा इतिहास

रूढ जीवनक्रमाहून वेगळे वागणाऱ्यांना समाज नावे ठेवीत आला आहे. परंतु तेच नाव सरकारी दप्तरात चढले म्हणजे त्याचे परिणाम पालटतात. १८७१ चा गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा हे या स्थित्यंतराचे बोलके उदाहरण होय.

हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांनाही त्याच्या कक्षेत आणले आणि १९२४ साली त्याच्या तरतुदी एकत्रित करण्यात आल्या. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की तिच्या लोकांची नोंद करणे, त्यांची हजेरी घेणे व परवान्यावाचून त्यांना ठरलेली हद्द सोडू न देणे हे अधिकार सरकारला मिळत. जाहीरनाम्याच्या वैधतेविषयी न्यायालयात दाद मागण्याची सोयही नव्हती. अपराध अशा रीतीने जन्माला चिकटला.

या शिक्क्यामागे दोन समजुतींचा संगम दिसतो. सुताराचा मुलगा सुतार होतो त्याअर्थी चोराचा मुलगाही चोरच होणार, हा युक्तिवाद विधेयकाच्या समर्थकांनी जातिव्यवस्थेवरून उचलला होता. दुसरी समजूत स्थायिक समाजाची : ज्याला शेत नाही, घर नाही, त्याचा भरवसा नाही. बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ वाहणाऱ्या लमाणांचा व्यापार नव्या सडकांनी व आगगाडीने बुडविला. तथापि व्यापार बुडाल्यानंतरची त्यांची भटकंती संशयास्पद ठरली.

सर्व दोष परकीय राज्यकर्त्यांच्या माथी मारणे मात्र योग्य होणार नाही. ज्या रामोशांकडे गावाच्या राखणीचे काम होते, त्यांच्याचविषयी गावाला धाकही वाटे. चोरी झाली असता संशयित आयता सापडावा, ही सोय पोलिसांप्रमाणे गावालाही हवीशी होती.

या कायद्याचा सर्वांत घातक गुण असा की, तो स्वतःचा पुरावा स्वतःच निर्माण करी. हजेरी चुकली की शिक्षा होई, शिक्षेची नोंद दप्तरात होई आणि ती नोंद जमातीच्या गुन्हेगारीची साक्ष म्हणून पुढे येई. आजारी आप्ताला भेटण्यासाठी विनापरवाना जाणारा व दरोडा घालणारा, दोघेही एकाच कायद्याचे अपराधी ठरू शकत. सोलापूरसारख्या वसाहतींतून सुधारणेच्या नावाखाली लोकांना डांबून गिरण्यांसाठी मजूर मिळविण्यात आले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. ‘गुन्हेगार’ म्हणून नोंदलेले लोक ‘विमुक्त’ झाले. पण या नव्या नावातही जुन्या बंधनाची आठवण उरली. सराईत गुन्हेगारांविषयीच्या पुढील कायद्यांनी जमातीऐवजी व्यक्ती हे लक्ष्य ठरविले, तरी संशयाचा रोख फारसा बदलला नाही. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

अभ्यासकांपुढील खरी अडचण येथेच आहे. या समाजांविषयीची लिखित साधने बहुतांशी पोलिसांच्या व वसाहतींच्या दप्तरांतच आढळतात. त्यांतील शिक्षांचे आकडे जो जमातीच्या स्वभावाचा पुरावा मानील, तो १८७१ चाच जाहीरनामा पुन्हा काढील. त्या आकड्यांवरून शिक्का मारणाऱ्यांचा इतिहास लिहिता येईल. ज्यांच्यावर तो मारला गेला, त्यांच्या इतिहासासाठी त्यांच्याच तोंडी परंपरेकडे व आत्मकथनांकडे वळले पाहिजे.